विचारायचं नाही

१

थोरली कान तपासायची. एका मोठ्या दवाखान्याच्या दुसऱ्या मजल्यावर तिची खोली होती आणि त्या खोलीच्या आत आणखी एक खोली, कपाटाएवढी, जाड दाराची, आतून मऊ अस्तर लावलेली. पेशंटला आत बसवायचं, हेडफोन लावायचा, हातात बटण द्यायचं, दार घट्ट ओढायचं आणि काचेबाहेर बसून बारीक बारीक आवाज सोडायचे. ऐकू आलं की त्याने बटण दाबायचं. इकडे थोरलीच्या यंत्रावर हिरवा दिवा लागायचा. एकोणीस वर्षं ती हेच करत होती. ऐकू न येताही भीतीपोटी बटण दाबणारे, बायकोचा आवाज तेवढा ऐकू न येणारे, सगळे नमुने तिला पाठ होते.

दिवसभर लोकांना प्रश्न विचारून ती घरी यायची, तर घरात प्रश्नाला बंदी.

ही बंदी आणली धाकट्याने, तिच्या भावाने. वडील गेले ते सकाळी बूट घालता घालता. डॉक्टर म्हणाले, हृदय. धाकट्याचं समाधान होईना. आदल्या दिवशी धडधाकट होते, मग का गेले? कुणाच्या लक्षात कसं आलं नाही? तीन महिने तो धड झोपला नाही. मग कुणीतरी त्याला एका पंथाच्या सभेत नेलं. सभेत सांगितलं, विचारणं सोड. त्याने सोडलं, आणि त्या दिवशी तो अकरा तास झोपला. उठल्यावर त्याला भूक लागली होती. भावजयीने हे पाहिलं आणि पुढच्या आठवड्यात तीही गेली. तिच्यामागून आई.

सभेचे नियम पुष्कळ होते. बातम्या नाहीत, गाणी नाहीत, रंगीत कपडे नाहीत. एवढं थोरलीने गिळलं. पण मुख्य नियम तिच्या घशाखाली उतरेना. प्रश्न हा अहंकाराचा कोंब आहे, दिसता क्षणी खुडावा. ‘चहा घेणार का’ असं घरात कुणी म्हणेना. धाकटा दारात उभा राहून सांगायचा, “ताईला चहा हवा असण्याची शक्यता आहे.” किल्ल्या सापडत नसल्या की आई म्हणायची, “किल्ल्या दिसत नाहीत, ही गोष्ट खरी आहे.” एकदा स्वयंपाकघरातला पाइप फुटला, तेव्हा भावजय घोटाभर पाण्यात उभी राहून शांतपणे म्हणाली, “मुख्य नळ कुठेतरी असेलच.”

थोरलीने कपाळाला हात लावला आणि नळ बंद केला.

घरात प्रश्न विचारणारी दोनच माणसं उरली, ती आणि तिची भाची. भाची दहा वर्षांची. आजोबांनी तिचं नाव ठेवलं होतं चौकशी. स्टेशनवरच्या चौकशीच्या खिडकीला लोक विचारतात. ही खिडकीच लोकांना विचारायची.

२

रोज सकाळी सात वाजता तिघं मागच्या खोलीत बसायची. खोली वडिलांची. पलंग हलवून तिथे साध्या लाकडी खुर्च्या मांडल्या होत्या. दार लोटलेलं असायचं, कडी नसायची. अर्ध्या तासाने तिघं बाहेर यायची, चेहरे धुतल्यासारखे.

थोरली इतके महिने तिकडे फिरकली नव्हती. करत असतील जप, करू देत. त्या सकाळी न्हाणीघरातला नळ गळत होता म्हणून ती तोंडात ब्रश धरून मागच्या बेसिनपाशी गेली. बेसिन त्या खोलीच्या दाराला लागूनच. आतून आवाज आला.

“हो,” आई म्हणाली.

मग काही नाही. मग धाकटा म्हणाला, “नाही. दोन आठवड्यांपूर्वी.”

पुन्हा काही नाही. मग भावजय, “निळ्या डब्यात. वरच्या फळीवर.”

थोरली चूळ भरायची विसरली. हा जप नव्हता, प्रार्थना नव्हती. ती एकामागून एक उत्तरं होती, आणि दोन उत्तरांमध्ये जेवढा वेळ प्रश्नाला लागतो तेवढी जागा सोडलेली होती. कधी लहान, कधी लांब.

पाठ केलेलं असेल, असं तिने स्वतःला समजावलं. शाळेत नाही का, बाई प्रश्न विचारतात आणि वर्ग एका सुरात उत्तर देतो. प्रश्न वर्ज्य, म्हणून प्रश्न गाळून नुसती उत्तरं म्हणायची. यांच्या खुळेपणाला ते शोभण्यासारखंच होतं.

“ती बाहेर उभी आहे,” आत आई म्हणाली. थोडं थांबून म्हणाली, “दात घासतेय.”

नळ वाहत होता, आईने ऐकलं असेल, त्यात काय. थोरलीने नळ बंद केला. पण चूळ भरायला ती पुन्हा पुढच्या न्हाणीघरात गेली, आणि जाताना पावलं न वाजवता गेली, याचा तिला स्वतःचाच राग आला.

३

“येत्या रविवारी चौकशी बसेल,” धाकट्याने जेवताना जाहीर केलं. “तिचं वय झालं.”

“कसलं वय?” थोरलीने चमचा खाली ठेवला. “तिला विचारलंस?”

धाकटा भात कालवत राहिला.

“बरं, चुकलं माझं. विचारायचं नाही. मग तिला काय वाटतं ते तुला कळलं कसं?”

“ताई, तू शब्द फिरवतेस.”

“मी साधं विचारतेय. तुम्ही सकाळी आत उत्तरं देता. कुणाला देता?”

“विचारणाऱ्याला.”

“कोण विचारतं?”

धाकट्याने तिच्याकडे पाहिलं. त्याच्या नजरेत राग असता तर तिला चाललं असतं. तिथे कीव होती. “एकाने विचारायचं असलं की बाकीच्यांनी विचारायचं नसतं,” तो म्हणाला. “एवढंच आहे. फार सोपं आहे, ताई. सगळं ओझं जातं.”

“आई, तू तरी बोल.”

“मला आता बरं वाटतं,” आई म्हणाली. “ही गोष्ट खरी आहे.”

थोरलीने हात टेकले. पालथ्या घड्यावर किती पाणी ओतायचं. ही तिन्ही माणसं तिच्या मायेची होती. आजारपणात याच भावजयीने तिच्या उशाशी बसून रात्री काढल्या होत्या. वाईट असती तर भांडता आलं असतं.

चौकशी खाली मान घालून भात चिवडत होती. भांडी आवरताना ती आत्याला चिकटली. “आत्या, तिथे बसल्यावर मला काहीच विचारता येणार नाही का? शाळेत पण?”

“तुला कुणी बसवत नाही. मावशीला फोन करते मी.”

मावशी म्हणजे भावजयीची बहीण. जमीन मोजणीच्या खात्यात होती, दर दोन वर्षांनी बदली, एकटी, तोंडाने फटकळ. सभेवरून बहिणीशी तिची कडाक्याची भांडणं झाली होती, तेव्हापासून घरात तिचं नाव निघत नसे. फोनवर तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “पाठवा. कधीही पाठवा. पण आईबापांना डावलून पोर पळवली म्हणून मला चौकीत बसवू नका. आधी त्यांच्याकडून हो वदवा.”

आता आली का पंचाईत. ज्या घरात प्रश्नच चालत नाही, तिथे हो वदवायचं कसं?

४

गुरुवारी आईला ती दवाखान्यात घेऊन गेली. कारण काढलं कानाचं. खरं म्हणजे तिला आईशी एकटीशी बोलायचं होतं. पण रिक्षात आईने तोंड उघडलं नाही, तेव्हा आलोच आहोत तर तपासूनच घेऊ, म्हणून तिने आईला आतल्या खोलीत बसवलं, हेडफोन लावला, हातात बटण दिलं.

आईचे कान उत्तम निघाले. सत्तरीच्या मानाने फारच उत्तम. थोरलीने शेवटचा आवाज सोडला, दिवा लागला, तिने आकडा लिहिला आणि कागद बदलायला वळली.

दिवा पुन्हा लागला.

तिने काहीच सोडलं नव्हतं. असं होतं, पेशंटच्या कानात शिट्ट्या वाजतात, तो दाबत सुटतो. ती काचेतून पाहू लागली. आई सरळ बसली होती, मान किंचित एका बाजूला, कुणी कानाशी लागल्यावर माणूस करतो तशी. दिवा लागला. विझला. बराच वेळ गेला. पुन्हा लागला.

आतला माइक चालू होता. थोरलीच्या टेबलावरच्या स्पीकरमधून आईचा आवाज आला.

“हो, हीच. काचेपलीकडची.”

जागा.

“नाही. हिला ऐकू येत नाही.”

जागा. या वेळी लांब.

“येईल. हळूहळू येतं.”

थोरलीने दार उघडलं ते जवळजवळ खेचूनच. “आई, कुणाशी बोलत होतीस?”

आईने हेडफोन काढला, केस नीट केले. “तुझ्याशी नव्हते बोलत,” ती म्हणाली. प्रेमानेच म्हणाली.

५

थोरली भोळी नव्हती. भुताखेताच्या गोष्टींनी तिला लहानपणीही हसूच यायचं. ज्या गोष्टीचा संशय येतो ती मोजावी, हे तिचं शिक्षण. दवाखान्यात आवाज मोजायचं एक हातात मावणारं यंत्र होतं. शुक्रवारी ते घेऊन ती घरी आली आणि शनिवारी सकाळी साताला पाच कमी असताना मागच्या बेसिनपाशी जाऊन उभी राहिली. दाराच्या फटीशी यंत्र धरलं.

घर कितीही शांत असलं तरी गप्प नसतं. फ्रिज घुरघुरतो, रस्त्यावरून गाडी जाते, भिंतीतल्या नळांत पाणी सरकतं. आकडा छत्तीस-सदतीसच्या आसपास डुलत होता. बरोबर.

“हो,” आत धाकटा म्हणाला. आकडा पन्नासवर गेला. बरोबर.

मग जागा आली आणि आकडा खाली आला. सदतीसवर थांबला नाही. तीस. चोवीस. एकोणीस. थोरलीने यंत्रावर टिचकी मारली. यंत्राने ती नोंदवली आणि आकडा पुन्हा उतरू लागला. दवाखान्यातल्या जाड दाराच्या खोलीतही तो सतराच्या खाली जात नसे. इथे, एका लाकडी दाराच्या फटीशी, तो अकरावर गेला. मग यंत्रावर नुसती आडवी रेघ आली. त्याहून कमी त्याला मोजता येत नव्हतं.

तेव्हा तिच्या ध्यानात आलं, की फ्रिज ऐकू येत नाहीये. रस्ता ऐकू येत नाहीये. स्वतःचा श्वास ती घेत होती, छाती हलत होती, आणि तो ऐकू येत नव्हता. शांततेला आवाज नसतो हे तिला ठाऊक होतं. पण ही शांतता रिकामी नव्हती. कुणीतरी बोलायला लागल्यावर बाकीचे गप्प होतात, तसं सगळं घर गप्प झालं होतं.

“उद्या,” आत भावजय म्हणाली, आणि फ्रिज सुरू झाला.

सेल उतरला असेल, थोरलीने ठरवलं. दवाखान्यात जाऊन नवा सेल घातला, यंत्र तपासलं. यंत्र ठणठणीत होतं. तिला इतका वैताग आला की तिने ते खणात टाकून खण पायाने ढकलला.

६

रविवारी ती चौकशीला घेऊन सकाळी साडेसहालाच बाहेर पडणार होती. हो वदवायचं पुढचं पुढे. पण चौकशीचे बूट घालून होईपर्यंत धाकटा दारात उभा होता, आंघोळ करून, पांढऱ्या कपड्यात. त्याने अडवलं नाही. मुलीपुढे हात केला, आणि मुलीने बापाचा हात धरला, जसा रोज शाळेत जाताना धरायची.

“सोड तिला,” थोरली म्हणाली.

“अर्ध्या तासाचं तर आहे,” धाकटा म्हणाला.

ती त्यांच्यामागे गेली. खोलीत पाऊल टाकायचं नाही असं तिने ठरवलं होतं, ते उंबऱ्यापाशीच राहिलं.

खोलीत घाबरण्यासारखं काहीही नव्हतं. खिडकी उघडी, फरशीवर उन्हाचा पट्टा, त्यात तरंगणारी धूळ. भिंतीला तोंड करून चार खुर्च्या. आई आणि भावजय बसलेल्याच होत्या. धाकट्याने मुलीला शेवटच्या खुर्चीवर बसवलं, स्वतः बसला. चार पाठी. थोरली दाराशी.

“हो,” धाकटा म्हणाला. “हीच.”

मग रस्ता बंद झाला. खिडकी उघडी होती, खालून गाड्या जाताना दिसत होत्या, आणि आवाज नव्हता. थोरलीच्या कानांत दडे बसले. तिघं ऐकत होती.

त्या शांततेत चौकशी बोलली. तिला बोलायला नको होतं, पण चौकशी ती चौकशी.

“तू कोण आहेस?” तिने विचारलं.

तिचा आवाज मात्र ऐकू आला. इतका स्पष्ट की खोलीत दुसरं काही उरलंच नाही.

आईचा चेहरा भिंतीपासून वळला. मग भावजयीचा, मग धाकट्याचा. तिघांची तोंडं एकाच वेळी वळली, पण मुलीकडे नाही. खोलीच्या रिकाम्या कोपऱ्याकडे. आणि मग ती तोंडं हळूहळू सरकू लागली, कोपऱ्यापासून खिडकीकडे, खिडकीपासून पुढे, एखादं माणूस समोरून चालत जाताना बसलेल्यांच्या माना फिरतात अगदी तशी. उन्हाच्या पट्ट्यातली धूळ मधोमध बाजूला झाली, आणि पुन्हा मिळून आली.

माना फिरत फिरत शेवटच्या खुर्चीच्या रोखाने आल्या. चौकशीने खुर्चीची कड धरली. ती रडत नव्हती. तिला उत्तर हवं होतं.

थोरली मधे जाऊन उभी राहिली. विचार करून नाही. रस्त्यात पोर आणि गाडी यांच्यामध्ये माणूस जसं जातं, तशी. पाठीशी मुलगी, समोर काही नाही. तिघांच्या माना थांबल्या. तिघंही आता तिच्याकडे पाहत होती, म्हणजे तिच्याकडे नाही, तिच्या नाकापुढच्या वीतभर जागेकडे.

तिच्या कानात काहीही आलं नाही. एक शब्द नाही, एक कुजबुज नाही. फक्त तोंड उघडलं आणि तिला स्वतःचा आवाज ऐकू आला.

“हो.”

खाली रस्त्यावर गाडीचा हॉर्न वाजला. आईने मोठा श्वास सोडला.

७

“मी कशाला हो म्हटलं?” तिने धाकट्याला विचारलं. दहा वेळा विचारलं.

“ते तुझं आहे, ताई,” तो म्हणाला. “मला कसं ठाऊक असेल.” मग म्हणाला, “चौकशीला आता बसायला नको. जागा भरली.”

तिला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. पण त्या बोलण्यातलं एक तिने पक्कं धरलं. “म्हणजे तिला मावशीकडे पाठवायला तुमची हरकत नाही. तसं लिहून दे.”

धाकट्याने लिहून दिलं. इतके दिवस ज्याच्यासाठी डोकं आपटून घेतलं, ते असं दोन ओळींत मिळालं, आणि तिला आनंदही होईना.

भावजयीने मुलीची बॅग भरली. स्वेटर घडी घालून ठेवला, पुन्हा काढला, पुन्हा ठेवला. मग दाराकडे एकदा पाहून थोरलीजवळ आली आणि अगदी हळू म्हणाली, “तिच्या खोकल्याचं औषध घेतलंत?”

थोरलीने तिच्याकडे पाहिलं. वर्षभरात त्या तोंडून आलेला तो पहिला प्रश्न. “घेतलं,” ती म्हणाली. “तूही चल.”

भावजयीने नकारार्थी मान हलवली आणि डोळे पुसत मागच्या खोलीत गेली.

मावशी मंगळवारी येणार होती. तोवर दोन दिवस थोरली मुलीला घेऊन दवाखान्याजवळच्या लॉजमध्ये राहिली. चौकशी खूश होती, दिवसभर विचारत होती. पलंग असा का, लिफ्टला आरसा का, आजी कधी बरी होणार. थोरली प्रत्येकाचं उत्तर देत होती. कितीही दमली तरी देत होती.

सोमवारी दुपारी चौकशी खिडकीत बसून पाव खात होती. थोरली कपड्यांना इस्त्री करत होती.

“आत्या, तू कुणाशी बोललीस?”

“कुठे काय बोलले?”

“आत्ता म्हणालीस ना. ‘खातेय. खिडकीत बसलीय.’” चौकशीने पावाचा तुकडा तोंडात टाकला. “आणि मघाशी आंघोळीहून आलीस तेव्हा म्हणालीस, ‘उद्या. दोन वाजता.’”

थोरलीने इस्त्री उभी करून ठेवली. तिला काहीच ऐकू आलं नव्हतं. तिने विचारांची उजळणी केली, जशी पेशंटचा कागद भरताना करायची. मी काय काय सांगितलं असेल? मला जे माहीत आहे ते. मग मला काय काय माहीत आहे?

तिने फोन उचलला.

“ताई, ठरल्याप्रमाणे दोनला येते,” मावशी पलीकडून म्हणाली. “बदलीची ऑर्डर पण आली. आता आम्ही राहायला—”

“सांगू नकोस,” थोरली म्हणाली. “गावाचं नाव सांगू नकोस. आणि दोनला येऊ नकोस. वेळ तू ठरव, मला सांगू नको. आम्ही सकाळपासून बसस्टँडवर बसतो.”

“हे काय नवीन?”

“शाळेचं नाव कळवू नकोस. पत्ता नको, फोटो नको. नंबर बदल आणि नवा मला देऊ नकोस.”

“बरं,” मावशी म्हणाली. फटकळ बाई, पण तिने का म्हणून विचारलं नाही.

८

मंगळवारी मावशी साडेअकराला आली. स्टँड गजबजलेलं होतं, बस लागत होत्या, सुटत होत्या, कंडक्टर ओरडत होते. थोरलीने कानांत दवाखान्यातले बोळे घातले होते, गावांची नावं कानावर पडू नयेत म्हणून. चौकशीला तिने पोटाशी धरलं. तिच्या केसांना साबणाचा वास येत होता. मग मुलीला मावशीच्या हाती दिलं आणि पाठ फिरवून भिंतीकडे तोंड केलं, म्हणजे कुठल्या बसमध्ये चढतात ते दिसायला नको.

बोळ्यांतूनही चौकशीचा आवाज आला. लांबून, कुठल्यातरी बसच्या पायरीवरून.

“आत्या, तू वळून का बघत नाहीस?”

थोरलीने आयुष्यात मुलीचा एकही प्रश्न तसाच पडू दिला नव्हता. ती समोरच्या भिंतीवरचे रंगाचे पोपडे बघत राहिली. मागून गाड्या सुटल्या. एक, मग आणखी एक, मग दोन एकदम.

ती किती वेळ तशी उभी होती कुणास ठाऊक. मग कंडक्टरचं ओरडणं थांबलं. इंजिनं थांबली. बाजूने माणसं बॅगा ओढत चालली होती आणि चाकं वाजत नव्हती. तिने कानांतले बोळे काढून पाहिले. काही फरक पडला नाही. तिच्या चेहऱ्यापुढे वीतभर जागा थंड झाली. तोंड उघडायला लागलं, आणि या वेळी तिने ते उघडू दिलं.

“माहीत नाही,” ती म्हणाली.

जागा आली. लांब.

“माहीत नाही,” थोरली पुन्हा म्हणाली. तिला रडू फुटत होतं आणि हलकंही वाटत होतं. “मला खरंच माहीत नाही.”